रिचर्ड बॉयलच्या आठ मुली कुठे सापडतात? आयरिश इतिहासाच्या मोफत ऑनलाइन साधनांचं परीक्षण

सतराव्या शतकातल्या आयर्लंडमधल्या एखाद्या राजकारण्याचं चरित्र शोधायला बसलं की पदांची यादी चटकन मिळते. घरातली माणसं मात्र मिळत नाहीत. आणि त्या काळात राजकारण चालायचं ते सोयरिकींवर. कोणाची मुलगी कोणत्या घरात दिली, हुंडा किती ठरला, जावयाचं कर्ज कोणी फेडलं, हे कळल्याशिवाय डब्लिन कॅसलमधल्या, म्हणजे इंग्लिश कारभाराच्या केंद्रातल्या, भांडणांचा अर्थ लागत नाही. म्हणून इथे मोफत मिळणारी सहा साधनं एकाच माणसावर घासून पाहिली आहेत. तो माणूस म्हणजे कॉर्कचा पहिला अर्ल रिचर्ड बॉयल.

निवड मुद्दाम त्याची केली. जन्म कँटरबरीत, 3 ऑक्टोबर 1566. डब्लिनला उतरला 23 जून 1588 रोजी. 1602 मध्ये सर वॉल्टर रॅलेकडून मन्स्टरमधली सुमारे 42,000 एकर जमीन विकत घेतली, 1614 मध्ये लिझमोरचा प्रतिनिधी म्हणून आयरिश पार्लमेंटात गेला, 1620 मध्ये अर्ल झाला, 1629 मध्ये लॉर्ड जस्टिस (राजाच्या प्रतिनिधीच्या जागी कारभार पाहणारा) आणि 1631 मध्ये आयर्लंडचा लॉर्ड ट्रेझरर, म्हणजे खजिनदार. मृत्यू योल गावात, सप्टेंबर 1643 मध्ये. दुसरी बायको कॅथरिन फेंटन हिच्यापासून 15 मुलं झाली: 7 मुलगे, 8 मुली. सर्वांत धाकटा मुलगा रॉबर्ट रसायनशास्त्रामुळे जगाला ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचायला कुठलंही साधन पुरतं. खरी कसोटी मुलींची. अ‍ॅलिस, सारा, लेटिस, जोन, कॅथरिन, डोरोथी, मेरी, मार्गारेट. या आठ जणींपर्यंत जे साधन नेतं ते कामाचं, असा साधा निकष धरला आहे.

सुरुवात डिक्शनरी ऑफ आयरिश बायोग्राफीपासून करावी, दुसरीकडून नको. रॉयल आयरिश अकादमीचा हा चरित्रकोश 2009 मध्ये 9 खंडांत छापला गेला आणि मार्च 2021 पासून ऑनलाइन सगळ्यांना खुला आहे. पैसे पडत नाहीत. नोंदीची रचना ठरलेली असते: सुरुवातीला जन्म, आईवडील आणि शिक्षण, मग कारकीर्द, शेवटाकडे लग्नं आणि मुलं, त्याखाली आधारसाधनांची यादी आणि लिहिणाऱ्या अभ्यासकाचं नाव. घराण्यासाठी वाचत असाल तर नोंद उलटी वाचा. आधी शेवटचा परिच्छेद, मग आधारांची यादी, मग वरचा मजकूर. आधारांची यादी हाच या कोशाचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि बहुतेक वाचक तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

अडचण बायकांची. लग्नानंतर नाव बदलतं, नवऱ्याला पदवी मिळाली की पुन्हा बदलतं. बॉयलची कॅथरिन 1630 मध्ये आर्थर जोन्सशी लग्न करून कॅथरिन जोन्स झाली, आर्थरकडे वडिलांची पदवी आल्यावर लेडी रॅनला झाली, आणि अभ्यासक तिला बहुतेक याच शेवटच्या नावाने ओळखतात. मेरीचं तसंच: बॉयल, मग रिच, मग वॉरिकची काउंटेस. म्हणून प्रत्येक मुलीसाठी तीन शोध घ्यावे लागतात: माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि पदवी. एका शोधात काही आलं नाही म्हणून सोडून देऊ नका. स्पेलिंगचाही घोळ आहेच. कॅथरिन हे नाव सी आणि के अशा दोन्ही अक्षरांनी लिहिलं जातं, त्यामुळे दोन्ही टाकून पाहावं.

कोशाची दुसरी मर्यादा त्याच्या स्वभावातच आहे. स्वतःचं कर्तृत्व नोंदलं गेलेल्या माणसाला स्वतंत्र नोंद मिळते. लंडनमधल्या विद्वानांच्या वर्तुळात वावरलेली आणि 1668 पासून भाऊ रॉबर्टला पॅल मॅलच्या आपल्या घरात ठेवून घेणारी कॅथरिन अभ्यासकांच्या डोळ्यांत भरते. दैनंदिनी मागे ठेवणारी मेरीही. बाकीच्या मुली नवऱ्यांच्या आणि वडिलांच्या नोंदींत एखाद्या वाक्यापुरत्या येतात. म्हणून अ‍ॅलिससाठी बॅरीमोर उघडा, जोनसाठी किल्डेअर, लेटिससाठी गोरिंग. जावयांवरून लेकींकडे जायची ही वाट लांबची आहे, पण खात्रीची आहे.

हिस्टरी ऑफ पार्लमेंट या संकेतस्थळाविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण इथे पुष्कळ जणांची गफलत होते. हा इतिहास वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटचा आहे. डब्लिनचं आयरिश पार्लमेंट 1800 पर्यंत वेगळं होतं आणि त्याचे सभासद या प्रकल्पात केवळ त्या नात्याने येत नाहीत. 1614 चा लिझमोरचा प्रतिनिधी रिचर्ड बॉयल इथे शोधला तर हाती काही लागणार नाही, आणि तो साधनाचा दोष नाही. त्याचे मुलगे मात्र वेस्टमिन्स्टरला बसले. थोरला रिचर्ड 1640 मध्ये अ‍ॅपलबीहून, आणि रॉजर, म्हणजे ब्रॉहिल, पुढे ऑररीचा अर्ल, 1661 मध्ये अरंडेलहून. इथल्या चरित्रांच्या डोक्यावर एक आखीव परिच्छेद असतो: जन्म, कितवा मुलगा, शिक्षण, लग्न, सासऱ्याचं नाव, आणि इतके मुलगे, इतक्या मुली. अपत्यांची नुसती संख्या, नावं नाहीत. सासऱ्याचं नाव पक्कं करायला उत्तम. आमच्या आठ जणींसाठी उपयोग जवळजवळ शून्य.

आता खऱ्या खाणीकडे. बॉयल 1611 पासून मरेपर्यंत रोजनिशी ठेवत होता आणि आलेली पत्रं जपून ठेवत होता. हे कागद अलेक्झांडर ग्रोसार्टने 1886 ते 1888 या काळात लिझमोर पेपर्स या नावाने 10 खंडांत छापले. पहिल्या मालिकेचे 5 खंड रोजनिशी आणि आठवणींचे, दुसऱ्या मालिकेचे 5 पत्रांचे. आवृत्ती खासगी वितरणासाठी होती, आता हक्कमुक्त आहे आणि इंटरनेट आर्काइव्हवर तिचे स्कॅन फुकट उतरवता येतात. या परीक्षणातलं सर्वांत जास्त मोल या खंडांना आहे, आणि सर्वांत जास्त कटकटही यांचीच आहे.

कटकट सुरू होते शोधाच्या चौकटीपासून. ग्रोसार्टने मूळ स्पेलिंग तसंच ठेवलं. वाय आणि आय एकमेकांच्या जागी, यू आणि व्ही एकमेकांच्या जागी, शब्दांची संक्षिप्त रूपं, ओळीच्या वर चढवलेली अक्षरं. स्कॅनमधून अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राला यातलं निम्मं कळत नाही. मुलीचं नाव टाकून शोधलं की दोनचार ठिकाणं दिसतात आणि वाटतं, एवढंच आहे. एवढंच नसतं. बॉयल मुलींचा उल्लेख नेहमी नावाने करत नाही, नात्याने किंवा जावयाच्या पदवीने करतो. नाव सोडा. जावयाचं घराणं, गावाचं नाव किंवा रकमेचा आकडा शोधा, आणि लग्नाचं वर्ष ठाऊक असेल तर त्याच्या आगेमागे सहा महिन्यांची पानं डोळ्यांनी चाळा. उतरवताना मजकुराची फाइल घेऊ नका, पानांच्या प्रतिमा असलेली पीडीएफ घ्या. मजकुराच्या फाइलमध्ये आकडे हमखास बिघडतात, आणि या रोजनिशीत आकडेच महत्त्वाचे.

दुसरी अडचण नात्यांच्या शब्दांची, आणि ती यंत्राची नाही, वाचकाची आहे. त्या काळच्या इंग्लिशमध्ये जावयालाही मुलगाच म्हणत, सुनेलाही मुलगीच. बॉयल ‘माझा मुलगा बॅरीमोर’ म्हणतो तेव्हा तो अ‍ॅलिसचा नवरा डेव्हिड बॅरी असतो. ‘माझा मुलगा किल्डेअर’ म्हणजे जोनचा नवरा जॉर्ज फिट्झजेरल्ड. ‘माझा मुलगा डंगार्वन’ मात्र खरंच पोटचा, थोरला रिचर्ड. मराठीत जावई, सून, व्याही, विहीण असे वेगळे शब्द असल्यामुळे आपल्याला हा घोळ विशेष खटकतो, आणि त्याचा फायदाही करून घेता येतो. वाचताना प्रत्येक ‘मुलगा’ या शब्दावर थांबून समासात मराठी नातं लिहा. दहा पानांत सगळं घर उभं राहतं. ‘कझिन’ या शब्दावर तर काहीच बेतू नका. चुलतभावापासून दूरच्या सोयऱ्यापर्यंत कोणालाही तो चालतो.

तिसरी गोष्ट एकाच नावाची माणसं. या घरात तीन जोन आहेत: आई जोन नेलर, पहिली बायको जोन अ‍ॅप्सली आणि मुलगी जोन. कॅथरिन दोन, बायको आणि मुलगी. रॉजरही दोन. पहिला 1606 मध्ये जन्मला आणि 1615 मध्ये गेला, दुसरा 1621 मध्ये जन्मला आणि तोच पुढे ऑररी झाला. स्वतः अर्लशिवाय आणखी दोन रिचर्ड बॉयल कागदांत वावरतात: मुलगा, आणि एक चुलतभाऊ, जो आधी कॉर्कचा बिशप आणि मग ट्युअमचा आर्चबिशप होता. अ‍ॅडम लॉफ्टसही दोन. एक व्हायकाउंट लॉफ्टस, लॉर्ड चॅन्सेलर, बॉयलबरोबरचा दुसरा लॉर्ड जस्टिस आणि त्याचा कडवा प्रतिस्पर्धी. दुसरा रॅथफार्नमचा सर अ‍ॅडम लॉफ्टस, ज्याच्या आर्थर नावाच्या मुलाला 1632 मध्ये डोरोथी दिली. एक वैरी आणि एक व्याही. दोघांना एक समजलात तर 1629 ते 1633 मधलं डब्लिनचं सगळं राजकारण उलटंपालटं होतं.

आणि लेटिस. बॉयलची मुलगी लेटिस 1629 मध्ये जॉर्ज गोरिंगला दिली, हुंडा 10,000 पौंड. साराची सासूही लेटिसच: लेटिस फिट्झजेरल्ड, ऑफलीची बॅरोनेस, जिने 1642 मध्ये गेशिलचा किल्ला वेढ्यात धरून ठेवला. गेशिलचा पराक्रम बॉयलच्या लेकीच्या नावावर चढवलेला दिसला की ती वंशावळ तिथेच मिटवावी.

रोजनिशी वाचताना वर्षांचा घोळ टाळायलाच हवा. 1752 पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. म्हणजे 1 जानेवारी ते 24 मार्च या काळातल्या तारखेला कागदावर आदल्या वर्षाचा आकडा असतो. कॅथरिन फेंटन वारली ती कागदावर 16 फेब्रुवारी 1629 ला, आपल्या हिशोबाने 1630 मध्ये. रॉबर्टचा जन्म कागदावर 25 जानेवारी 1626, आपल्या हिशोबाने 1627. चांगली साधनं 1629/30 असं दुहेरी वर्ष देतात. जिथे नुसतं एक वर्ष आणि महिना जानेवारी ते मार्च असेल, तिथे लेखकाने बदल केला आहे की नाही हे आधी तपासा. नाही तर दोन साधनांत एक वर्षाचा फरक पडतो आणि मूल आईच्या मृत्यूनंतर जन्मल्यासारखं दिसतं. स्वतःच्या वहीत तारखेचे दोन रकाने ठेवा: एक कागदावर आहे तशी, दुसरा आपल्या हिशोबाने.

पैशाचंही तसंच. 1 पौंड म्हणजे 20 शिलिंग, 1 शिलिंग म्हणजे 12 पेन्स. ‘मार्क’ असा शब्द आला तर तो 13 शिलिंग 4 पेन्स, म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. शतकाच्या पहिल्या काही दशकांत आयरिश शिलिंग इंग्लिश 9 पेन्सांच्या बरोबरीचा धरत, म्हणजे 4 आयरिश पौंड तेव्हा 3 इंग्लिश पौंड. हुंड्याच्या रकमेपुढे कोणतं चलन लिहिलं आहे ते पाहिल्याशिवाय दोन मुलींच्या हुंड्यांची तुलना करू नका.

याच कागदांतला एक तुकडा जवळून पाहण्यासारखा आहे. 1632 मध्ये बॉयलने आपल्या आयुष्याचा एक छोटा वृत्तांत लिहिला. त्यात डब्लिनला उतरतानाची आपली मालमत्ता तो मोजून सांगतो: रोख 27 पौंड 3 शिलिंग, आईने दिलेली हिऱ्याची अंगठी, सुमारे 10 पौंडांचं सोन्याचं कंकण, टॅफेटाचा अंगरखा, काळ्या मखमलीची तुमान, मिलान फस्टियनचा नवा पोशाख, दोन झगे, तलवार आणि खंजीर. जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळावर ही यादी आहे. पण ती 44 वर्षांनंतर, मुलांनी वाचावी म्हणून, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाने लिहिली आहे. रिकाम्या हातांनी आलो आणि परमेश्वराने दिलं, हे त्याला दाखवायचं होतं. त्याचं बोधवाक्यच तसं होतं: ईश्वराची कृपा हाच माझा वारसा. जे साधन ही यादी देताना ती कोणी आणि केव्हा लिहिली हे सांगतं, त्याच्यावर विश्वास टाकावा. जे नुसतं 1588 मधली घटना म्हणून देतं, त्याचं बाकीचंही तपासून घ्यावं.

मूळ कागद पाहायचे असतील तर दोन ठिकाणं आहेत. लिझमोर कॅसलच्या कागदांचा मोठा संग्रह डब्लिनच्या नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडमध्ये आहे. रोजनिशी मात्र इंग्लंडमध्ये, डार्बीशरच्या चॅट्सवर्थला. ती तिथे कशी गेली याचं उत्तरही एका मुलीच्या लग्नात आहे: शार्लट बॉयल 1748 मध्ये विल्यम कॅव्हेंडिशशी, म्हणजे पुढे डेव्हनशरच्या चौथ्या ड्यूकशी लग्न करून गेली आणि लिझमोर तिच्या वारशाने त्या घरात गेलं. नॅशनल लायब्ररीची तपशीलवार सूची पीडीएफ स्वरूपात फुकट मिळते आणि ती नुसती वाचली तरी कुळं, भाडेपट्टे आणि व्यवहार यांचा अंदाज येतो.

हौशी वंशावळींच्या संकेतस्थळांबद्दल एकदाच सांगतो, नावं न घेता. मुलांची संख्या पाहा. 15 दिली असेल तर ठीक. 16 दिली असेल तर बहुधा जोन अ‍ॅप्सलीचं, 1599 मध्ये मृत जन्मलेलं बाळ धरलं आहे, आणि ते सांगितलं असेल तर तेही ठीक. 14 असेल तर दोन रॉजर एक झालेत. एवढ्या एका आकड्यावरून त्या पानाची प्रत कळते.

ट्रिनिटी कॉलेज डब्लिनचं 1641 डेपोझिशन्स हे संकेतस्थळ वेगळ्या जातीचं आहे. ऑक्टोबर 1641 मधल्या कॅथलिक आयरिशांच्या उठावानंतर प्रोटेस्टंट रहिवाशांनी आयुक्तांसमोर दिलेल्या सुमारे 8,000 जबान्या, 19,000 च्या आसपास पानं. प्रत्येक पानाची प्रतिमा आणि शेजारी टंकलिखित मजकूर. 2010 पासून खुलं आहे. इथली शोधयंत्रणा या परीक्षणात सर्वांत चांगली आहे, कारण काउंटी, नाव, व्यवसाय असं गाळून घेता येतं आणि मजकूर माणसांनी वाचून उतरवलेला आहे. बॉयलचा मुलूख हवा असेल तर वॉटरफर्ड काउंटीच्या हस्तलिखित क्रमांक 820 पासून सुरुवात करा, मग कॉर्क.

इथे अर्लच्या मुली शोधायच्या नाहीत. शोधायची ती त्यांच्या हुंड्याचा पैसा ज्यांनी भरलेल्या जमिनीच्या खंडातून आला ती माणसं. एका जबानीचा साचा असा: नाव, गाव, व्यवसाय, मग नुकसानीची यादी. गुरं इतक्याची, धान्य इतक्याचं, घरसामान, भाडेपट्ट्याची उरलेली वर्षं आणि त्याची किंमत, मग बुडालेली कर्जं आणि कर्जदारांची नावं. भाडेपट्ट्याच्या ओळीत अर्ल ऑफ कॉर्क हे नाव आलं की तो माणूस त्याचं कूळ. अशी कुळं वेगळी काढली की लिझमोर, टॅलो, बॅंडन या गावांत कोण कशावर पोट भरत होतं ते दिसायला लागतं: कातडी कमावणारे, लोहार, विणकर, खाणावळवाले.

दोन सावधगिरी. आकडे हे दाव्यांचे आहेत, भरपाई मिळेल या आशेने सांगितलेले, तेव्हा बेरजा करून ‘एकूण नुकसान’ काढू नका. आणि हिंसेच्या वर्णनांत साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं हे वेगळं करा. मजकुरात ‘असं तिने ऐकलं’ या अर्थाचे शब्द बहुतेक वेळा असतात, पण घाईत डोळ्यांखालून निसटतात. हे कागद एका बाजूचे आहेत. कॅथलिक आयरिश कुटुंबांचं काय झालं ते इथून कळणार नाही, आणि याच साधनावर कोणी सगळ्या उठावाचा निवाडा केला तर तो अन्याय होईल.

डाउन सर्व्हेच्या नकाशांचं संकेतस्थळही ट्रिनिटीचंच, 2013 पासूनचं. विल्यम पेटीने 1650 च्या दशकात करवलेली ही मोजणी, जप्त केलेली कॅथलिकांची जमीन क्रॉमवेलच्या सैनिकांना आणि कर्ज देणाऱ्यांना वाटण्यासाठी. मूळ नकाशे आगीत गेले, जगभर विखुरलेल्या प्रती गोळा करून हे संकेतस्थळ उभं राहिलं. दिसायला इतकं देखणं आहे की माणूस हरखून जातो. बॉयलसाठी मात्र त्याचा उपयोग बेतानेच, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे: मोजायची होती ती जप्त जमीन. प्रोटेस्टंट मालकाची जमीन जप्त नव्हती, म्हणून ती अनेक नकाशांवर तपशिलाशिवाय, कोरी राहते. त्या कोऱ्या जागा पाहून तिथे काही नव्हतं असं समजू नका. कॉर्क आणि वॉटरफर्डमधल्या अशा पुष्कळ कोऱ्या जागा बॉयलच्याच आहेत.

त्याच संकेतस्थळावर 1641 आणि 1670 मधले जमीनमालक शोधण्याची सोय आहे, ती जास्त कामाची. तिथे एक फसगत होते. अर्ल ऑफ कॉर्क दोन्ही वर्षांत दिसतो, पण 1641 चा बाप आहे आणि 1670 चा मुलगा. पदवी तीच, माणूस दुसरा. ऑररी आणि शॅनन या 1660 मधल्या पदव्या 1641 च्या यादीत असणार नाहीत. आणि एकर पाहताना, आयरिश प्लँटेशन एकर म्हणजे सुमारे 1.62 इंग्लिश एकर, कारण पर्च हे लांबीचं माप आयर्लंडमध्ये 21 फुटांचं आणि इंग्लंडमध्ये 16.5 फुटांचं. पेटीचे आकडे रॅलेच्या 42,000 एकरांशी तसेच्या तसे ताडून पाहायचे नाहीत, आधी एकाच मापात आणायचे. मोजणीत खडकाळ, दलदलीची जमीन ‘निरुपयोगी’ म्हणून वेगळी काढली आहे, तीही बेरजेत धरली आहे की नाही ते पाहावं.

व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड हे या सहांतलं सर्वांत नवं. 30 जून 1922 रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळालं आणि शतकानुशतकांचे कागद गेले. त्याच्या शंभराव्या स्मरणदिनी, जून 2022 मध्ये, हे संकेतस्थळ सुरू झालं: जळालेल्या इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती आणि त्यात इतर संग्रहांतल्या प्रती, नकला, उतारे परत आपापल्या जागी ठेवलेले. इथे शिरताना एक भान ठेवावं. 1919 मध्ये छापलेल्या सूचीवरून कपाटं मांडली आहेत, त्यामुळे एखाद्या मालिकेचं नाव दिसणं म्हणजे तिचे कागद असणं नव्हे. नोंदीत काय उरलं आहे, मूळ, नक्कल की नुसता सारांश, हे वाचल्याशिवाय खाली उतरू नका. मृत्युपत्रांच्या बाबतीत तर हे फारच जाणवतं. प्रीरोगेटिव्ह कोर्टाची, म्हणजे मृत्युपत्रं पाहणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, मूळ मृत्युपत्रं गेली, विल्यम बेथमने आधी काढून ठेवलेले वंशविषयक सारांश आणि 1897 मध्ये छापलेली 1536 ते 1810 ची नावसूची राहिली. सारांशात लेकी, जावई, नातवंडं यांची नावं असतात, मालमत्तेचा तपशील मात्र फारसा नसतो. घराण्याच्या शोधासाठी हेही नशीबच म्हणायचं.

एक सातवं साधन आहे, संगणकाबाहेरचं. डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये बॉयलने बायकोसाठी 1630 च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेलं स्मारक. वरून खाली मजले आहेत: सर्वांत वर कॅथरिनचे आजोबा रॉबर्ट वेस्टन, त्याखाली तिचे आईवडील, मग बॉयल आणि ती, पायाशी मुलं. बायकोच्या आईकडून उतरत आलेली ही दगडी वंशवेल आहे, आणि ती तशी का, हेही उघड आहे. वेस्टन आयर्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर आणि याच कॅथीड्रलचा डीन, म्हणजे प्रमुख, होता. कँटरबरीहून आलेल्या नवख्या माणसाला मिरवण्याजोगं कूळ सासुरवाडीचंच होतं. नवा लॉर्ड डेप्युटी, म्हणजे राजाचा आयर्लंडमधला प्रतिनिधी, वेंटवर्थ याने स्मारक पूर्वेकडच्या वेदीच्या जागेवरून हलवायला लावलं. 1636 मध्ये योलच्या कॉलेजच्या उत्पन्नावरून बॉयलकडून 15,000 पौंडही वसूल केले. तो दोन्ही गोष्टी विसरला नाही. छायाचित्रं पुष्कळ मिळतात. ऑनलाइन वंशावळ ताडायला पाया आणि त्यावरचे दोन मजले स्पष्ट दिसतील असं छायाचित्र घ्या.

आठ मुलींचा हिशोब शेवटी असा लागला. मेरी आणि कॅथरिन सहज. मेरीची तर स्वतःची लेखणी आहे, वडिलांनी ठरवलेल्या जेम्स हॅमिल्टनला नाकारून 1641 च्या जुलैत तिने चार्ल्स रिचशी गुपचूप लग्न केलं आणि ते स्वतःच लिहून ठेवलं. अ‍ॅलिस आणि जोन जावयांच्या वाटेने, आणि दोन्ही जावयांचं पालकत्व आधीपासून बॉयलकडे होतं हे रोजनिशीतून. जोनच्या संसारासाठी त्याने मेनूथचा किल्ला दुरुस्त करून दिला, तो खर्चही तिथेच पाहावा. लेटिस गोरिंगच्या कर्जांमागे लपलेली. डोरोथीला लॉफ्टस घराण्यातून, साराला तिच्या सासरच्या डिग्बी घराण्याकडून गाठावं लागतं. सारा 1633 मध्ये गेली, त्यामुळे 1641 नंतरच्या कुठल्याही साधनात तिला शोधणं व्यर्थ.

राहिली मार्गारेट. 1629 मध्ये जन्मली, पुढच्या फेब्रुवारीत आई गेली, 1637 मध्ये तीही गेली. लग्न नाही, हुंडा नाही, जावई नाही, त्यामुळे वर सांगितलेली एकही वाट तिच्यापर्यंत जात नाही. तिच्यासाठी ग्रोसार्टची पहिली मालिकाच उघडावी, आणि 1629 चा वसंत व 1637 चा उन्हाळा पान पान करून वाचावा.